अपग्रेड अर्ध्यात अडकलं, लिनक्स चालू होत नाहीये, आता काय करायचं

नवीन व्हर्जनचं अपग्रेड लावलं, मध्येच लाइट गेली किंवा लॅपटॉपची बॅटरी संपली किंवा कुठलीतरी लाल एरर येऊन सगळं थांबलं, आणि आता समोर काळी स्क्रीन. पोटात गोळा येतो, मला माहितीये. म्हणून सगळ्यात आधी हे सांगतो की तुमचे फोटो, डॉक्युमेंट, प्रोजेक्ट बहुतेक सगळे जागेवरच आहेत. पॅकेज मॅनेजर, म्हणजे सॉफ्टवेअर टाकणारी-काढणारी यंत्रणा, अपग्रेड करताना /यूएसआर, /ईटीसी, /व्हार आणि /बूट यात उलथापालथ करतो, तुमच्या फाइली असलेल्या /होमला तो हात लावत नाही. डेटा जातो तो साधारण नंतर, घाबरून फॉरमॅट मारल्यावर किंवा इन्स्टॉलरमध्ये चुकीचं पार्टिशन निवडल्यावर. त्यामुळे आत्ता लगेच काहीही करू नका, पाच मिनिटं फक्त स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचा आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा, कारण रीस्टार्ट केल्यावर ती ओळ परत दिसेलच असं नाही.

इथे मी मुख्यतः उबुंटू, डेबियन, मिंट या घराण्याबद्दल लिहितोय, म्हणजे जिथे ॲप्ट आणि डीपीकेजी हे पॅकेज मॅनेजर चालतात. कमांड देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाकायच्या, जागा आणि डॅश आहेत तसेच.

आता मूळ मुद्दा, जो नवीन लोकांना कोणी सांगत नाही. अर्ध्यात अडकलेलं अपग्रेड मागे नेता येत नाही, ते पुढे नेऊनच पूर्ण करायचं असतं. डेबियन-उबुंटूमध्ये नव्या व्हर्जनवरून जुन्यावर परत जाणं सपोर्टेडच नाही, काही पॅकेजेस नवी झालेली असतात, काही जुनी, त्यांच्या सेटिंगच्या फाइली बदललेल्या असतात, हे सगळं हाताने उलटं फिरवायला गेलात तर अजून गुंता होतो. अपवाद एकच, तुम्ही आधी टाइमशिफ्टचा किंवा बीटीआरएफएसचा स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिमची त्या क्षणाची जतन केलेली प्रत, घेतला असेल तर तो रीस्टोअर करा आणि मोकळे व्हा. नसेल तर पुढचं वाचा.

मशीन अजून चालू असेल तर रीस्टार्ट करू नका

हे फार महत्त्वाचं आहे. मशीन चालू आहे म्हणजे जुना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरीत आहे, नेटवर्क आहे, टर्मिनल आहे, दुरुस्तीला याहून चांगली जागा मिळणार नाही. डेस्कटॉप गोठला असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा, बहुतेक वेळा नुसता अक्षरांचा लॉगिन येतो, तिथून काम करता येतं.

आणि आधी खात्री करा की ते खरंच अडकलंय. बऱ्याचदा अपग्रेड तुमच्या उत्तराची वाट बघत बसलेलं असतं. खिडकीतून अपग्रेड करताना खाली टर्मिनलचा भाग झाकलेला असतो, तो उघडून बघा, तिथे एखाद्या सेटिंग फाइलबद्दल प्रश्न आलेला असतो की नवीन फाइल घेऊ की तुमची ठेवू. ती फाइल तुम्ही स्वतः कधी बदलली नसेल तर वाय, बदलली असेल तर एन, आणि नक्की आठवत नसेल तर डी दाबून फरक बघा. वाय म्हटलं तर तुमची फाइल शेवटी डीपीकेजी-ओल्ड लावून बाजूला राहते, एन म्हटलं तर नवीन फाइल डीपीकेजी-डिस्ट नावाने राहते, त्यामुळे उत्तर चुकलं तरी काही कायमचं जात नाही. प्रश्न नसेल तर दुसऱ्या टर्मिनलमध्ये टॉप चालवून बघा प्रोसेसर काही करतोय का. इनिटरॅमएफएस, म्हणजे बूट होताना कर्नलला सुरुवातीला लागणारी छोटी फाइल सिस्टिम (पुढे येणारी इनिटआरडी फाइल ती हीच), बनवताना एकाच ओळीवर बराच वेळ जातो, जुन्या हार्डडिस्कवर तर अंत बघतो. उबुंटूच्या अपग्रेडचा सगळा मजकूर /व्हार/लॉग/डिस्ट-अपग्रेड या फोल्डरमध्ये पडत असतो, तिथली ॲप्ट-टर्म.लॉग फाइल टेल -एफ ने उघडली की काम सरकतंय का ते समोर दिसतं.

सर्व्हरवर एसएसएचने, म्हणजे दुरून टर्मिनलने लॉगिन करून, करत होतात आणि कनेक्शन तुटलं तर परत लॉगिन करा आणि सुडो स्क्रीन -एलएस चालवा (सुडो म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने). उबुंटूचं अपग्रेड स्क्रीन नावाच्या प्रोग्रामच्या आत चालतं, कनेक्शन तुटलं तरी ते मागे चालूच असतं, सुडो स्क्रीन -डी -आर ने तुम्ही परत त्याच जागी पोचता. नेहमीच्या पोर्टवर लॉगिन होत नसेल तर १०२२ पोर्ट ट्राय करा, एसएसएचवरून अपग्रेड करताना तो जादाचा दरवाजा ते स्वतः उघडून ठेवतं, फक्त फायरवॉलमध्ये तो मोकळा हवा.

"कुड नॉट गेट लॉक" असं आलं तर लॉकची फाइल डिलीट करा असा सल्ला सगळीकडे मिळतो. करू नका. लॉक आहे म्हणजे कोणीतरी अजून डेटाबेसवर काम करतंय. सुडो एलएसओएफ /व्हार/लिब/डीपीकेजी/लॉक-फ्रंटएंड चालवून बघा कोण आहे, ते संपू द्या.

बंद पडलं असेल तर आधी लक्षण ओळखा

कुठवर येऊन थांबतं त्यावरून आजार कळतो. नुसतं "ग्रब" किंवा "ग्रब रेस्क्यू" लिहून कर्सर लुकलुकत असेल तर बूटलोडरचा, म्हणजे मशीन चालू होताना कर्नल उचलणाऱ्या प्रोग्रामचा घोटाळा, त्याला लाइव्ह यूएसबी, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालणारं लिनक्स, लागेल. "कर्नल पॅनिक" आणि त्याच्या आसपास "अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक" असेल तर नव्या कर्नलची इनिटआरडी फाइल बनलीच नाहीये किंवा अर्धवट बनलीये. कंसात "इनिटरॅमएफएस" असा प्रॉम्प्ट आला तर रूट पार्टिशन, म्हणजे सिस्टिम असलेला डिस्कचा भाग, सापडत नाहीये किंवा त्याला एफएससीके, म्हणजे फाइल सिस्टिमची तपासणी-दुरुस्ती, हवंय, तिथे एक्झिट टाइप केलं की बहुतेक वेळा ते स्वतःच सांगतं कुठल्या पार्टिशनची तक्रार आहे, मग एफएससीके -वाय आणि ते पार्टिशन, आणि रीबूट. लोगोपर्यंत येऊन काळं होत असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर. आणि फक्त अक्षरांचा लॉगिन येतोय, डेस्कटॉप गायब, तर डेस्कटॉपची पॅकेजेस अपग्रेडमध्ये काढली गेलीत, हा सगळ्यात सोपा प्रकार.

मशीन चालू होताना यूईएफआय (नव्या मशीनचं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) असेल तर एस्केप, जुनं बायोस असेल तर शिफ्ट धरून ग्रबचा मेनू आणा. एस्केप एकदाच दाबा, जास्त वेळा दाबलं गेलं तर ग्रबचा प्रॉम्प्ट येतो, तिथे नॉर्मल असं टाइप करून एंटर मारलं की मेनू परत येतो. मेनूत "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स" मध्ये जा आणि जुना कर्नल निवडा, म्हणजे ज्याचा नंबर लहान आहे तो. कितीतरी वेळा एवढ्यानेच मशीन नीट उठतं, कारण जुना कर्नल अपग्रेडने काढलेला नसतो.

तेही नाही झालं तर त्याच कर्नलचा रिकव्हरी मोड. उबुंटूत मेनू येतो, आधी नेटवर्क चालू करा, मग रूट शेलमध्ये, म्हणजे ॲडमिनच्या टर्मिनलमध्ये, जा. तिथे डिस्क कधीकधी फक्त वाचण्यापुरती माउंट, म्हणजे जोडलेली, असते, "रीड-ओन्ली फाइल सिस्टिम" अशी एरर आली तर माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू / ही कमांड द्या. डेबियनमध्ये रूटचा पासवर्ड ठेवला नसेल तर "रूट अकाउंट इज लॉक्ड" सांगून ते आत घेतच नाही, मग सरळ लाइव्ह यूएसबी.

आत शिरलात? आधी डेटा बाहेर काढा

दुरुस्तीच्या आधी, हो आधीच. एक्स्टर्नल डिस्क लावा आणि आरसिंक -ए ने /होम पूर्ण कॉपी करा, बरोबर /ईटीसी पण घ्या. डिस्क शक्यतो लिनक्सच्या फॉरमॅटची असू द्या, एफएटीवर परमिशन टिकत नाहीत. आणि डीपीकेजी --गेट-सिलेक्शन्सचं आउटपुट एका फाइलमध्ये ठेवा, पुढे सगळं नव्याने टाकायची वेळ आली तर काय काय होतं त्याची यादी हातात राहते.

मग जागा बघा. डीएफ -एच. हे मी मुद्दाम इतक्या वर लिहितोय. माझ्या जुन्या लॅपटॉपवर अपग्रेड संपलं, रीबूट केलं आणि समोर तोच अननोन-ब्लॉकवाला कर्नल पॅनिक. वाटलं डिस्कच गेली. अर्धी रात्र मी पार्टिशन तपासत बसलो, मग जुन्या कर्नलने बूट करून डीएफ मारलं तर /बूटसमोर १०० टक्के. पार्टिशन लहान होतं, त्यात चार जुने कर्नल साठलेले, पाचव्याची इनिटआरडी लिहिताना जागा संपली आणि फाइल अर्धी राहिली. लॉग उघडला तर "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस" ही ओळ तिथे स्वच्छ लिहिलेली होती, मीच शेवटचं पान वाचलं नव्हतं. तेव्हापासून माझी पहिली कमांड डीएफ असते.

/बूट भरलं असेल तर युनेम -आर ने आत्ता कुठला कर्नल चालू आहे ते बघा, तो सोडून द्या, डीपीकेजी -एल चालवून लिनक्स-इमेजने सुरू होणारी पॅकेजेस शोधा आणि त्यातली सगळ्यात जुनी ॲप्ट पर्जने काढा. ॲप्ट अडून बसलं की डिपेंडन्सी, म्हणजे एका पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजेस, तुटल्यात म्हणून काढत नाही, तर एका जुन्या कर्नलची फक्त इनिटआरडी फाइल /बूटमधून उचलून तात्पुरती /होममध्ये हलवा, डिलीट नको. एवढ्याने जागा होते आणि पुढचं गाडं सुरू होतं. मुख्य डिस्क भरली असेल तर सुडो ॲप्ट क्लीन, डाउनलोड केलेली पॅकेजेस जातात आणि चांगली जागा मोकळी होते, पण नेट चालू असेल तरच करा, नाहीतर तीच पॅकेजेस पुढे लागतील.

आता खरी दुरुस्ती

क्रम असा ठेवा.

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल
सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट फुल-अपग्रेड

पहिली कमांड उघडून ठेवलेली पण सेट न झालेली पॅकेजेस पूर्ण करते, दुसरी तुटलेल्या डिपेंडन्सी जोडते, आणि मग उरलेलं अपग्रेड पुढे जातं. पहिल्या दोन आलटून पालटून तीन-चार वेळा चालवाव्या लागतात आणि त्यात काही बिघडत नाही, प्रत्येक वेळी यादी लहान होत गेली म्हणजे तुम्ही बरोबर रस्त्यावर आहात. यादी हलतच नसेल तेव्हा थांबा आणि सगळ्यात पहिली एरर वाचा. खालच्या पन्नास एरर बहुतेक वेळा त्या एकाच पॅकेजमुळे आलेल्या असतात.

तिसऱ्या कमांडच्या आधी सोर्सेस, म्हणजे पॅकेजेस कुठून आणायची त्याच्या याद्या, तपासा. /ईटीसी/ॲप्ट/सोर्सेस.लिस्ट आणि शेजारचं सोर्सेस.लिस्ट.डी फोल्डर उघडा. अर्ध्यात तुटलेल्या अपग्रेडमध्ये काही ओळी जुन्या व्हर्जनकडे आणि काही नव्याकडे बोट दाखवत असतात, सगळ्या एकाच नव्या नावाकडे हव्यात. उबुंटू २२.०४ चं नाव जॅमी, २४.०४ चं नोबल, डेबियन १२ चं बुकवर्म, १३ चं ट्रिक्सी. उबुंटू २४.०४ मध्ये मुख्य यादी उबुंटू.सोर्सेस नावाच्या नव्या पद्धतीच्या फाइलमध्ये असते, त्यामुळे जुनी फाइल रिकामी दिसली तर घाबरू नका. बाहेरचे पीपीए (इतरांनी ठेवलेले पॅकेजचे साठे) वगैरे तूर्त सगळे बंद. आणि डेबियन ११ वरून १२ वर येताना नॉन-फ्री-फर्मवेअर हा वेगळा विभाग लिहावा लागतो, १२ पासून फर्मवेअर तिकडे हलवलंय, तो नसेल तर वायफायचं नवं फर्मवेअर येत नाही आणि लोक ड्रायव्हर शोधत बसतात.

एक फसवी गोष्ट. /ईटीसी/ओएस-रिलीजमध्ये नवीन व्हर्जनचं नाव दिसलं म्हणजे अपग्रेड झालं असं नाही. ते नाव बेस-फाइल्स या एका पॅकेजमधून येतं, ते लवकर बदललं जातं आणि बाकी शेकडो पॅकेजेस जुनीच असू शकतात.

ॲप्ट पुढे जाण्याआधी काय काय काढणार त्याची यादी दाखवतं. ती वाचा, प्रत्येक वेळी वाचा, डोळे झाकून वाय दाबू नका. त्यात सिस्टिमडी, तुमचा डेस्कटॉप किंवा सगळेच कर्नल दिसले तर एन. आणि "येस, डू ॲज आय से" असं पूर्ण वाक्य टाइप करायला सांगितलं तर ते कधीच टाइप करायचं नाही, ते सिस्टिमचा कणा काढायची परवानगी मागतंय.

ठरलेल्या दोन-तीन एरर सगळ्यांना भेटतात. "ट्राइंग टू ओव्हरराइट" म्हणजे दोन पॅकेजेस एकाच फाइलवर भांडतायत, जुन्या-नव्याच्या संधिकाळात हे होतं, तेव्हा सुडो डीपीकेजी -आय --फोर्स-ओव्हरराइट आणि पुढे /व्हार/कॅश/ॲप्ट/आर्काइव्ह्ज मधल्या त्या डेब फाइलचा पत्ता, मग परत फिक्स-ब्रोकन. "व्हेरी बॅड इनकन्सिस्टंट स्टेट" आलं तर ते पॅकेज ॲप्ट इन्स्टॉल --रीइन्स्टॉलने परत टाका. आणि काही पॅकेज हट्टाने जुनंच राहत असेल तर ॲप्ट-मार्क शोहोल्ड बघा, कधीतरी तुम्हीच ते होल्डवर ठेवलेलं असतं आणि विसरलेले असता.

नेट नसेल तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, वायफाय ड्रायव्हरशिवायही हे बहुतेक वेळा चालतं.

सगळं स्वच्छ झालं की सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल, मग सुडो अपडेट-ग्रब, मग रीबूट. इनिटआरडी हलवली होती ती आधी परत ठेवा, किंवा तो जुना कर्नलच काढून टाका.

बूटच होत नाही, लाइव्ह यूएसबीने

दुसऱ्या कॉम्प्युटरवर त्याच डिस्ट्रोची (उबुंटू, डेबियन, मिंट, तुमचं जे असेल ते), शक्यतो ज्या व्हर्जनवर चालला होतात त्याची यूएसबी बनवा. तुमचं मशीन यूईएफआयवर असेल तर यूएसबी पण यूईएफआय मोडमध्येच बूट करा, नाहीतर शेवटी ग्रब चुकीच्या प्रकारचं बसतं. "ट्राय" निवडा, इन्स्टॉल नाही.

एलएसबीएलके -एफ ने पार्टिशन बघा. समजा रूट एसडीए२ आणि ईएफआयचं छोटं बूट पार्टिशन एसडीए१ आहे, तुमच्याकडे नाव वेगळं असेल, एनव्हीएमई वगैरे, ते बघूनच टाका. सुडो माउंट /डेव्ह/एसडीए२ /एमएनटी, वेगळं /बूट असेल तर ते /एमएनटी/बूटवर, ईएफआय /एमएनटी/बूट/ईएफआयवर. बीटीआरएफएसवर उबुंटू असेल तर -ओ सबव्हॉल=@ लावा, नाहीतर आत नुसते @ आणि @होम असे दोन फोल्डर दिसतील. डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर आधी क्रिप्टसेटअप ओपनने उघडा, आणि उघडताना नाव तेच द्या जे तुमच्या /ईटीसी/क्रिप्टटॅबमध्ये आहे. दुसरं नाव दिलं तर आतून बनवलेल्या इनिटरॅमएफएसमध्ये डिस्क उघडायची माहितीच जात नाही आणि पुढच्या बूटला पासवर्ड विचारलाच जात नाही. एलव्हीएम (पार्टिशन एकत्र हाताळायची पद्धत) असेल तर त्यानंतर व्हीजीचेंज -एवाय.

मग सुडो माउंट --आरबाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह, आणि असंच प्रॉक, सिस आणि रन या तिघांसाठी. नुसतं बाइंड न करता आरबाइंड करा, त्याने आतले उप-माउंट पण येतात, ग्रबला यूईएफआयच्या नोंदी दिसतात आणि रनमुळे डीएनएस पण सहसा चालतं. शेवटी सुडो सीएचरूट /एमएनटी. आता तुम्ही तुमच्याच बिघडलेल्या सिस्टिमच्या आत आहात, फक्त कर्नल यूएसबीचा आहे, म्हणून इथे युनेम -आर तुमचा कर्नल दाखवणार नाही, त्यावर विसंबून कुठलाही कर्नल काढू नका.

इथून वरचाच क्रम. बूटलोडर बिघडला असेल तर शेवटी ग्रब-इन्स्टॉल, बायोसवर त्यापुढे पूर्ण डिस्कचं नाव म्हणजे /डेव्ह/एसडीए, पार्टिशनचा नंबर नाही, यूईएफआयवर नुसतं ग्रब-इन्स्टॉल चालतं. मग अपडेट-ग्रब, एक्झिट, रीबूट.

काळी स्क्रीन आणि गायब डेस्कटॉप

ग्रबमध्ये ई दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट लिहा, एफ१० ने बूट करा. हे एका बूटपुरतंच असतं. डेस्कटॉप आला म्हणजे ड्रायव्हरचाच प्रश्न, बहुतेक वेळा एनव्हिडियाचा ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी बनलेला नसतो. डीकेएमएस स्टेटस चालवून ड्रायव्हर कुठल्या कर्नलसाठी बनलाय ते बघा, जुना ड्रायव्हर पर्ज करा आणि डिस्ट्रोच्या रेपोमधूनच, म्हणजे अधिकृत पॅकेज साठ्यातूनच, नवा टाका. डेस्कटॉपच गायब असेल तर उबुंटूवर सुडो ॲप्ट इन्स्टॉल उबुंटू-डेस्कटॉप, डेबियनवर टास्कसेल चालवून तुमचा डेस्कटॉप निवडा.

टर्मिनलची खिडकीच उघडत नसेल किंवा ॲप्टच्या स्क्रिप्ट पायथनच्या एरर देत असतील, "नो मॉड्यूल नेम्ड ॲप्ट_पीकेजी" सारख्या, तर आठवा की कधी /यूएसआर/बिन/पायथन३ ची लिंक दुसऱ्या व्हर्जनकडे वळवली होती का. सिस्टिमची कितीतरी कामं त्यावर चालतात. ती लिंक डिस्ट्रोच्या मूळ व्हर्जनवर परत आणा, उबुंटू २२.०४ ला ३.१०, २४.०४ ला ३.१२, डेबियन १२ ला ३.११.

फेडोरावाल्यांसाठी थोडक्यात, सुडो डीएनएफ डिस्ट्रो-सिंक हीच मुख्य कमांड, सगळी पॅकेजेस एका व्हर्जनवर आणते, बाकी जुना कर्नल, लाइव्ह यूएसबी, सीएचरूट सगळं तसंच.

कधी सोडून द्यायचं

/व्हार/लिब/डीपीकेजी मधली स्टेटस फाइल खराब झाली असेल तर शेजारी स्टेटस-ओल्ड असते, /व्हार/बॅकअप्समध्ये पण जुन्या प्रती असतात, त्या लावून बघा. पण लिबसी सारखं मुळातलं पॅकेज अर्धवट राहिलंय, एलएस सुद्धा चालत नाही, आणि डेटा बाहेर काढून झालाय, तर नव्याने इन्स्टॉल करा, त्यात काहीही कमीपणा नाही. /होम वेगळं पार्टिशन असेल तर इन्स्टॉलरमध्ये मॅन्युअल निवडून फक्त रूट फॉरमॅट करा, /होमसमोरची फॉरमॅटची खूण काढलीये हे दोनदा बघा, आणि युजरनेम आधीचंच द्या म्हणजे फाइलींची मालकी सहसा आपोआप जुळते.

मशीन उठलं की सिस्टिमसीटीएल --फेल्ड आणि जर्नलसीटीएल -बी -पी ईआरआर बघा, सुडो डीपीकेजी --ऑडिट काहीच न बोलता परत आलं पाहिजे. बंद केलेले बाहेरचे रेपो एकदम सगळे चालू करू नका, एक चालू करा, ॲप्ट अपडेट करा, नव्या व्हर्जनसाठी त्यांची पॅकेजेस आलीत का बघा, मग दुसरा. ऑटोरिमूव्ह दोन-चार दिवसांनी चालवा, तोपर्यंत तो जुना कर्नल राहू द्या.